जुनी गोधडी कापू की नको?

प्रश्न: ताई, सासूबाईंच्या आईंनी शिवलेली गोधडी आहे घरात, नऊवारी लुगड्यांची, मधेमधे पार विरलीये. मुलगी इथेच फाइन आर्ट्सला आहे, ती म्हणते चांगले तुकडे कापून कॅनव्हासवर लावते. सासूबाई ऐकूनच नाराज झाल्यात. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: मी सासूबाईंच्या बाजूने आहे, पण मुलीला नाही म्हणू नका हं, फक्त कात्री बाजूला ठेवायला सांगा. गोधडीत आधी नजरेत भरतात ते रंगीत तुकडे, पण तिला धरून ठेवतो धावदोरा, सगळ्या थरांतून आरपार गेलेला, आणि कापलं की तो कडेकडेने उसवतो, थर सुटे होतात आणि हातात नुसत्या चिंध्या उरतात. गोधडी उलटी करून मुलीबरोबर बघा एकदा, टाका कुठे दाट, कुठे लांब पडलाय, मध्येच दोरा संपला म्हणून रंग बदललाय, आजींचा हात तिथे दिसतो.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी, त्याच २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, आणि त्या अख्ख्याच. आपल्याकडे कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कडेपासून आत आत शिवत जातात आणि कोपऱ्यांना घडीची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं मानत नाहीत. मुलीच्या फॅकल्टीत तर चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी शिकवलंय, त्यांनी चित्रांबरोबर खेळणीही केली, विणकामही, कला वेगळी आणि कारागिरी वेगळी असं मानलंच नाही.

तेव्हा कापण्यापेक्षा भर घाला. विरलेल्या जागेखाली मऊ मलमल, वर मुलीला हवं ते, जुनी ओढणी म्हणा, आणि त्यावर तिचा स्वतःचा धावदोरा, आजींच्या टाक्याची नक्कल अजिबात नको, तिचा वेगळा दिसू दे. दोरा सुतीच घ्या, पॉलिस्टरचा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो, तो कापडच कापत जातो. सासूबाईंनाही सोबत बसवा, त्यांना आईचा हात माहितीये.

भिंतीवर लावताना खिळे अजिबात नकोत, मागून वरच्या कडेला पूर्ण रुंदीचा नेफा शिवा आणि त्यात दांडा घाला म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. समोरून थेट ऊन येतं ती भिंत टाळा, आणि मशीनमध्ये तर चुकूनही टाकू नका.