पहिला कंपायलर आणायचा कुठून?

प्रश्न: मी एका छोट्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं जेंटूसाठी (सोर्समधून बिल्ड करणारी लिनक्स डिस्ट्रो) पॅकेज करतोय. तिचा कंपायलर (सोर्स कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो) त्याच लँग्वेजमध्ये लिहिलाय. हाताने मेक (बिल्ड चालवणारी कमांड) मारला की सगळं गुमान बिल्ड होतं, पण तेच ईबिल्डमधून (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणारी जेंटूची फाइल) केलं की कंपाइलच्या वेळी 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' म्हणत आडवं पडतं. नेट चालू आहे. बिल्डला बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवणारा सँडबॉक्स बंद करून टाकू का?

उत्तर: नका हो, त्यानेच तर चोरी पकडलीये! झालंय असं की हा कंपायलर बिल्ड करायला आधी जुना कंपायलर लागतो, तो मेकफाइल (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) गुपचूप नेटवरून ओढते, आणि स्क्रीनवरून इतक्या ओळी पळतात की हाताने चालवताना ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) बिल्डच्या वेळी नेट तोडतं. जे काही डाउनलोड करायचं ते ईबिल्डमधल्या एसआरसी-यूआरआय या यादीत लिहायचं, मग पोर्टेज ते आधीच आणून मॅनिफेस्ट फाइलमधल्या हॅशशी (फाइलच्या बोटांच्या ठशाशी) ताडून बघतं. म्हणजे मेकफाइलमधली कर्लची (डाउनलोड करणाऱ्या कमांडची) ओळ पॅच करून उडवायची आणि तिथे जुन्या कंपायलरचा पाथ द्यायचा, बस.

मोठ्यांचीही हीच रड आहे. गो या लँग्वेजचा 1.4 पर्यंत कंपायलर सी लँग्वेजमध्ये होता, 2015 मध्ये 1.5 आलं आणि तेव्हापासून गो बिल्ड करायला गोच लागते. रस्ट या लँग्वेजला तर साधारणपणे लगेच आधीचं व्हर्जन लागतं.

जुना बायनरी टारबॉल (आधीच बिल्ड झालेल्या कंपायलरची एकत्र बांधलेली फाइल) त्याच ईबिल्डमध्ये कोंबता येतो, पण मी रस्टसारखं करेन, नावाच्या शेवटी 'बिन' लावलेलं वेगळं बायनरी पॅकेज, आणि सोर्सवाल्याच्या बीडिपेंडमध्ये (बिल्डसाठी काय लागतं त्याची यादी) 'बिन किंवा जुनं सोर्स व्हर्जन, कुठलंही चालेल' अशी अट. सोर्सवाल्या डिस्ट्रोत बायनरी म्हटलं की काहींच्या कपाळावर आठ्या पडतात, पडू देत. स्लॉट (एकाच पॅकेजची व्हर्जन्स शेजारी-शेजारी ठेवायचे कप्पे) मात्र व्हर्जनप्रमाणे वेगळे द्या, नाहीतर नवीन आलं की जुनं उडालं, आणि पुढच्या वेळी नेमकं तेच हवं असतं.

एक राहिलंच, बिल्ड झालं म्हणून लगेच खूश होऊ नका, कोऱ्या स्टेज3 च्या (जेंटूची मूळ सिस्टिम) सीएचरूटमध्ये, म्हणजे तुमच्या सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या फोल्डरमध्ये, एकदा चालवून बघा. तुम्ही हाताने इन्स्टॉल केलेला कंपायलर यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये बसलेला असणार, आणि ईबिल्ड बिनबोभाट तोच उचलत असेल. माझ्या यात दोन रात्री गेल्या होत्या.