गटप्रमुख झालास? आधी भांडी घास

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) ७ दिवसांच्या शिबिरात गटप्रमुख झालास, छान. पण शिट्टी आणि यादी घेऊन मिरवू नकोस. पहिल्याच दिवशी भांड्यांच्या पाळीत स्वतःचं नाव घाल. मग दुसऱ्याला काम सांगताना जीभ अडखळत नाही.

गट पाडताना एका वर्गाची, एका गावाची पोरं एकत्र ठेवू नकोस. नंदुरबारच्या धडगावची, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलगी आणि नाशिक शहरातला मुलगा एकाच पाळीत टाक. दोन दिवस कुरकुर होईल, होऊ दे. रात्रीच्या आढाव्यात जी गप्प बसते, तिला सगळ्यांसमोर बोलायला लावू नकोस. पाणी भरताना सहज विचार. मला हे दुसऱ्या शिबिरात कळलं, तोवर पहिलं वाया गेलं होतं.

आणि हो, दोन वर्षांत एनएसएसच्या नियमित कामाचे २४० तास भरायचेत. तासांची वही रोजच्या रोज लिही.