‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न : मी पतसंस्थेत रोखपाल आहे. लेकरू सहा महिन्यांचं झालं की कामावर रुजू व्हायचंय. गल्लीतल्या बायका आत्ताच म्हणतायत, ‘पैशापायी लेकराचं दूध तोडणार.’ मला दूध तोडायचं नाही. साडेनऊ ते सहा कसं जमवू? (लातूर जिल्हा)

उत्तर : ताई, दूध तोडायची गरज नाही, ते काढून ठेवता येतं. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी सराव सुरू करा. सकाळी दूध जास्त असतं, म्हणून पहिलं पाजून झालं की काढायला बसा. हात साबणानं धुवा. झाकणाची छोटी स्टीलची डबी दहा मिनिटं उकळून घ्या. अंगठा आणि बोटं काळ्या वर्तुळाच्या कडेला ठेवायची, आधी बरगड्यांकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणि मग सोडायची. बोंडी ओढून दूध येत नाही, नुसती दुखते. पहिल्या दिवशी चार चमचेच निघतील. तेवढ्यावरून ‘मला दूधच नाही’ असं ठरवू नका.

घरात लेकराला दर तासामागे साधारण 30 ते 40 मिली धरा, म्हणजे साडेआठ तासांना 250 ते 350 मिली. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू होते, त्यामुळे हळूहळू कमीही लागेल. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सांगतात, पण ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तो हिशेब चालत नाही. डबी सरळ फ्रिजमध्ये ठेवा, दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथं चार दिवस टिकतं. डबीवर तारीख लिहा. दुधावर सायीचा थर वेगळा दिसला की सासूबाईंना वाटतं फाटलं. फाटलेलं नसतं, डबी हलकेच फिरवली की मिसळतं. गॅसवर तापवू नका, डबी गरम पाण्याच्या वाटीत ठेवा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा नाहीतर बोंडलं बरं, धुवायला सोपं आणि जंतू कमी. पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या.

कामावर असताना दिवसभर दूध काढलंच नाही तर दोन गोष्टी होतात. छाती दगडासारखी होऊन गाठी येतात, आणि आठवड्याभरात दूध कमी पडू लागतं. म्हणून एकच्या आणि चारच्या सुमारास दोनदा काढा. यासाठी कुणाची मेहेरबानी लागत नाही. मातृत्व रजेचे नियम लागू असलेल्या ठिकाणी (दुकानं-कार्यालयांत दहा किंवा जास्त कर्मचारी) लेकरू 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन वेळा विराम मिळतो. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर द्यावं लागतं. तोंडी विचारू नका. दोन ओळींचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

गल्लीचं म्हणाल, तर खुरपायला जाणारी बाई लेकरू बांधावरच्या झोळीत टाकून दिवसभर वाकते, तेव्हा हीच गल्ली गप्प असते. खुर्चीवर बसणारी मात्र डोळ्यात सलते. आमच्या मते हा लेकराचा कळवळा नाहीच.

प्रश्न : बहिणीचा बायोडाटा करतोय. आमची माय 18 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. काका म्हणतात, ‘गृहिणी लिही, मानधनाची कसली नोकरी!’ (परभणी जिल्हा)

उत्तर : ‘अंगणवाडी सेविका, 18 वर्षे’ असंच लिहा. गावातल्या लेकरांची वजनं-उंच्या, गरोदर बायकांच्या नोंदी, पोषण आहार, तीन ते सहा वर्षांच्या पोरांची शाळापूर्व शिकवण, सगळं त्याच बाईच्या वहीत आणि मोबाईलवर चढतं. सगळा घोळ ‘मानधन’ या शब्दानं केलाय. काम पगाराचं आणि नाव मानाचं, म्हणून पैसे कमी. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा) कायदा लागू होतो असा निर्णय दिला. कायद्याचा हिशेब असा : शेवटचा महिन्याचा पैसा भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. त्यासाठी नेमणूकपत्राची प्रत जपून ठेवायला मायला सांगा. बऱ्याच जणींकडे ती नसते, आणि निवृत्तीच्या वेळी सगळं तिथंच अडतं.

प्रश्न : मी बी.ए. करतो. अर्जात ‘आईचा व्यवसाय’ असतो तिथं मी रेघ मारतो. आई-वडील दोघंही ऊसतोडीला जातात. (बीड जिल्हा)

उत्तर : रेघ मारू नका, ‘ऊसतोड कामगार’ लिहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एकच जोडी, धरतात हे तुम्हाला माहीतच आहे. वडील तोडतात, आई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत टाकते, आणि पहाटे उठून भाकरी थापते ती वेगळीच. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) मात्र बहुतेक वेळा मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत वडिलांच्या नावावर असते. पण आई आजारी पडून एक दिवस खोपीत राहिली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, लागतो. तिचं काम मोजायचंच नसेल तर खाडा कशाचा?

दिवाळीच्या आसपास गाव सोडायच्या आधी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद आणि ओळखपत्राची चौकशी करा. एका कोयत्याला एक नोंद पुरते असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, आईचा अर्ज वेगळा द्या. तिचं आधार आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक सोबत न्या. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. हंगामात कारखान्यावरून येऊन ही कामं होत नाहीत.