पर्यावरणासाठी झटणं ही पोट भरलेल्यांची हौस आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात नोकरी करता, टिकाऊ आणि न्याय्य समाज घडावा म्हणून काहीतरी करायची इच्छा आहे, पण मित्र म्हणतात ही सगळी पोट भरलेल्यांची हौस. आणि सुरुवात कुठून करावी, हा दुसरा प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध जमिनीवर बसले ते मावळातले शेतकरी होते. १९७४ साली उत्तराखंडातल्या रेणी गावच्या बायका लाकूडतोड्यांना आडव्या गेल्या, कारण चारा आणि सरपण त्याच जंगलातून यायचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गोंडांनी १,८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. हौस असती तर एवढी वर्षं कोण कशाला भांडलं असतं? तुमच्या मित्रांना पर्यावरणवाले म्हणून जे दिसतात ते सुती झोळीवाले दिसतात, एवढंच.

मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नामुळे. "सुरुवात कुठून करू" हे मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलंय, आणि त्या सुरुवातीचं पुढे काय झालं तेही पाहिलंय.

माझी आई पुण्यात कचरा वेचायची. आजी बहात्तरच्या दुष्काळात बीडकडून पोरं घेऊन आली, ती परत गेलीच नाही. आई आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आजीच्या मागे पोतं घेऊन फिरली. तेव्हा रस्त्यावर कचराकुंड्या होत्या. कुंडीत हात घालायचा म्हणजे कुत्री, फुटकी काच, दवाखान्याच्या सुया, आणि पोत्यात तांब्याची तार सापडली की "कुठून चोरली" म्हणून पोलीस. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणवाल्या वस्तीवर यायला लागल्या आणि १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. हमाल पंचायतवाले बाबा आढाव अध्यक्ष. फोटोवालं ओळखपत्र मिळालं, पुढे महापालिकेनेही ते मानलं. आईला वाचता येत नव्हतं, पण ते कार्ड ती ब्लाउजमध्ये ठेवायची, पोलीस आला की आधी कार्ड काढायची आणि मग तोंड उघडायची. २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फत घरोघरचा कचरा गोळा करायचं काम सुरू झालं. फरक काय, तर कचरा एकमेकांत कालवला जायच्या आधी हातात येतो. पुठ्ठा कोरडा राहतो आणि कोरड्या पुठ्ठ्याला भाव असतो. सगळं अर्थशास्त्र त्यात आलं.

मी सहावीत असताना आमच्यासारख्या पोरांना एक शिष्यवृत्ती लागू झाली. तिचं सरकारी नाव 'अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्यांच्या पाल्यांसाठी'. बाईंनी वर्गात ते नाव पूर्ण वाचलं आणि मग माझं नाव वाचलं. पैसे कामाला आले, वह्या आल्या. पण त्या दिवसापासून "आई काय करते" या प्रश्नाला मी "नोकरी" एवढंच सांगत आले. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

आता पार्किंग. आमची सोसायटी ९६ फ्लॅटची. मी बँकेत आहे, कर्ज काढून छोटा फ्लॅट घेतलाय, आई माझ्याकडेच असते, तिचे गुडघे गेलेत. आमच्याकडे कचरा न्यायला दोघी सख्ख्या जावा यायच्या. दर घरामागे महिन्याचे ठरावीक पैसे, आणि सुक्यातलं जे विकलं जाईल ते त्यांचं. हे 'आणि' महत्त्वाचं आहे. दूध पिशवी, पेट प्लास्टिकची बाटली, कडक प्लास्टिक, पुठ्ठा, रद्दी, पत्रा वेगवेगळं करून भंगारवाल्याकडे घालायचं, तेव्हा कुठे महिना निघतो. नुसत्या घरामागच्या पैशांवर कोणी चार मजले चढणार नाही. (लिफ्ट होती. त्यांनी ती वापरू नये असा फलकही होता. त्यांना 'मावशी' मात्र सगळेच म्हणायचे.)

आमच्याकडे एक काका आहेत. निवृत्त इंजिनिअर, सायकलने फिरतात, लग्नात स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन जातात. माणूस वाईट नाही, आणि म्हणूनच भांडायला अवघड. त्यांनी एका रविवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली. "आपण सुरुवात करायची, आपल्या घरापासून." योजना दोन. एक, ओल्या कचऱ्याचं यंत्र: कचरा टाका, चोवीस तासांत खत काढा. शिवाय मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळवू. दोन, सुका कचरा सोसायटीनेच एका एजन्सीला विकायचा आणि पैसे 'हरित निधी'त टाकून झाडं लावायची.

टाळ्या झाल्या. मी हिशेब करत होते. ओला यंत्रात गेला, विकाऊ सुका एजन्सीला गेला, तर त्या दोघींना उरलं काय? डायपर, सॅनिटरी पॅड, आणि चिप्सची चकचकीत पाकिटं, जी कोणी घेत नाही. म्हणजे कमाई काढून घ्यायची आणि घाण तेवढी ठेवायची. आणि त्यांच्या महिन्याच्या पैशातून आपण आपल्या नावाने झाडं लावायची.

कोणीतरी त्या दोघींचं काय म्हणून विचारलं, त्यावर काका म्हणाले, "अहो, कचऱ्यात हात घालायला लावणं हेच अमानुष आहे. त्यांची सुटका होईल." मग थोड्या वेळाने, "आणि शेवटी कचरा आपला आहे, त्यावर पहिला हक्क आपला नको का?"

आई मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मी उठले. काय बोलले? विजेचं बिल किती येईल ते बोलले. ही यंत्रं आत हीटर लावून कचरा सुकवतात आणि दळतात, निघतं ते खत नसतं, वाळलेला भुगा असतो, पाणी लागलं की पुन्हा कुजायला लागतो, खऱ्या खताला दीड-दोन महिने लागतातच, हे सगळं बोलले. आकडे बिनचूक होते. माझी आई हेच काम करत होती, हे एक वाक्य मी बोलले नाही. हात वर झाले, ठराव मंजूर. विरोधात तीन.

घरी आल्यावर आईने चहा टाकला. म्हणाली, "लई भारी बोललीस. लाईटबिलाचं मलाबी म्हाईत नव्हतं." पुढे काही नाही. तिने एवढंच म्हटलं आणि मला जे कळायचं ते कळलं.

पुढचं थोडक्यात. यंत्र आलं, साडेसहा लाखांचं. पहिला महिना काका स्वतः मोजे घालून त्यात कचरा टाकायचे, हे मान्य करायला हवं. मग कोणीतरी आंब्याच्या कोयी टाकल्या, पाती अडकली. भुगा कुंड्यांत घातला तर बुरशी आणि वास. एजन्सीचा मुलगा महिन्यातून एकदा यायचा, पुठ्ठा आणि बाटल्या निवडून न्यायचा, बाकीचं डक्टमध्ये साठलं, घुशी झाल्या. जावांनी दुसऱ्याच महिन्यात येणं सोडलं होतं, परवडेना. पाचव्या महिन्यात कमिटीने त्यांना शोधायला वॉचमनला पाठवलं. धाकटी धुण्याभांड्याला लागली होती, ती आली नाही. थोरली आली, पण अटी घेऊन: सुकं सगळं माझं, घरामागे पैसे वाढवा, निवडायला पत्र्याखाली जागा द्या आणि तिथे पाण्याचा नळ द्या. कमिटीने सगळं मान्य केलं. नंतर कळलं की आदल्या संध्याकाळी ती आमच्याच स्वयंपाकघरात बसली होती आणि आईने तिला सांगितलं होतं, पैशाआधी नळ माग. तीस वर्षं हात धुवायला नळ नसलेली बाईच हे सांगू शकते. मला सुचलं नसतं, मी युनिट मोजत होते.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर, जे मी तेव्हा दिलं नाही. कचरा तुमचा कधी होता? तुम्ही तो दाराबाहेर ठेवला त्या क्षणी सोडलात. त्याची किंमत तयार झाली ती कोणीतरी वाकून, निवडून, बांधून, डोक्यावर वाहून नेला म्हणून. ज्याला भाव नव्हता त्याला भाव आणला तो त्या बायांनी, आणि भाव आलाय असं कळल्यावर तुम्हाला मालकी आठवली. 'सुटका' म्हणाल तर सुटकेसोबत दुसरं काम द्यायचं असतं. नुसतं काम काढून घेतलं तर त्याला सुटका म्हणत नाहीत, कामावरून काढणं म्हणतात. आणि हे माझं एकटीचं मत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं. काका नियमाचे पक्के आहेत, पण त्यातलं दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा जिरवावा एवढंच कलम त्यांच्या लक्षात राहिलं.

तर तुमची सुरुवात. काही नवीन सुरू करू नका. सहा महिने तरी नको. तुमच्या गल्लीत, सोसायटीत हे काम आधीपासून कोण करतंय ते शोधा. कोणीतरी करतच असतं: भंगारवाला, कल्हईवाला, जुने कपडे घेऊन भांडी देणारी, चपला शिवणारा. त्यांना विचारा की अडतंय कुठे. दहातल्या नऊ वेळा उत्तर नळ, सावली, जागा आणि पोलीस यांतलंच येईल. त्यातलं एक मिळवून द्या. कमिटीच्या सभेला जा, तिथेच सगळं ठरतं, मोर्चात नाही. ठराव आला की एकच विचारा: यात कोणाचं काम जातंय आणि त्याला इथे बोलावलंय का? बोलावलं नसेल तर सभा पुढे ढकला म्हणा. लोक चिडतील. चिडू द्या. आणि तुमच्या घरातलं कोणी ते काम करत असेल तर आकड्यांच्या आधी ते सांगा.

काही गोष्टी मात्र कबूल करते. सगळी यंत्रं वाईट नसतात. मोठ्या हॉटेलचा, मंडईचा ओला कचरा हाताने उपसावा असं मी म्हणत नाही, तिथे बायोगॅस चांगला. ओला घरीच जिरवला तर उत्तमच, कुंडीत बसतो तेवढा मीही जिरवते, आणि थोरलीला उलट बरं वाटतं, ओझं कमी होतं, विकायचं ते कोरडं मिळतं. शहराचा कालवलेला कचरा पुण्याजवळच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांच्या दारात वर्षानुवर्षं पडला, त्यांची पाण्याची ओरड खोटी नव्हती. म्हणजे वेगळा करायलाच हवा, भांडण ते नाही. आणि कचरा वेचणं हे काही थोर काम आहे, ते असंच चालत राहावं, असंही नाही. माझ्या मुलीने ते करावं असं मला वाटत नाही, आईला तर अजिबात नाही. मोजे, हातगाडी, विमा, म्हातारपणी पेन्शन, हे सगळं मिळून मग एखादीला सोडावंसं वाटलं तर तिने सोडावं. ठरवायचं तिने, काकांनी नाही.

काकांशी माझं बोलणं आहे. परवा लिफ्टमध्ये भेटले, यंत्राची दुरुस्ती करून घेतो म्हणाले. हरित निधीतून लावलेल्या सात झाडांपैकी चार जगलीत, त्यांना पाणी मात्र तेच घालतात. आई शेजारी उभी होती. मी म्हणाले, "काका, माझ्या आईला विचारा, ती तीस वर्षं याच लाइनीत होती." ते एकदम "हो का?" म्हणाले आणि आमचा मजला आला.

जाता जाता कामाचं: सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणारी ते पुडकं उघडणार नाही. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडून टाकू नका, चीर द्या आणि तो पिशवीलाच लटकत राहू द्या. तो नखाएवढा तुकडा वेचता येत नाही आणि गटारात जातो. पिशवी खळबळून वाळवून दिलीत तर थोरलीला भंगारवाल्याकडे भाव जास्त मिळतो.