यहूदाचं शुभवर्तमान खरं मानायचं का?

प्रश्न : माझा नातू मोबाईलवर व्हिडिओ बघून म्हणाला, आजी, यहूदाने येशूला धरून दिलं ते येशूनेच सांगितलं म्हणून, तसं शुभवर्तमान सापडलंय आणि चर्चने ते लपवलं होतं. रात्रभर झोप नाही आली. खरं काय?
– एक आजी, अहिल्यानगर

उत्तर : आजी, जय ख्रिस्त. पुस्तक खरंच आहे, इजिप्तमध्ये १९७०च्या दशकात मिळालं, कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेत, पपायरसवर म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर लिहिलेलं, मग अमेरिकेत बँकेच्या लॉकरमध्ये १६ वर्षं पडून पानांचा अक्षरशः चुरा झाला आणि २००६ मध्ये भाषांतर छापून आलं. पण लपवलं म्हणणं पटत नाही, कारण लिओनचे (आजच्या फ्रान्समधलं शहर) बिशप आयरेनियस यांनी साधारण इ.स. १८० मध्येच त्याचं नाव घेऊन उघड विरोध केलाय.

त्यात येशू यहूदाला म्हणतो, मी पांघरलेल्या माणसाचा तू बळी देशील. म्हणजे शरीर नुसतं वस्त्र, आणि त्याच पुस्तकात हे जगही कुणा खालच्या देवाने केलेलं म्हटलंय! मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपली निर्मिती बघतो आणि ती फार चांगली असते. शिवाय यहूदा पैसे घेतो तिथेच पुस्तक संपतं, वधस्तंभ नाही, पुनरुत्थान नाही, मग आपल्या ईस्टरचं काय उरलं? आणि यहूदाला त्यात ‘डायमोन’ म्हटलंय, या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आत्मा की भूत यावरून अभ्यासकच भांडतायत, त्यामुळे तो हिरो आहे हेही पक्कं नाही.

नातवाला रागावू नका हं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २६वा आणि २७वा अध्याय त्याच्यासोबत बसून वाचा, यहूदा चांदीची ३० नाणी मंदिरात फेकतो तिथे जरा थांबा, त्यालाच विचारा, सांगितलेलं काम केलेला माणूस असा रडकुंडीला येईल का?