कुष्ठरोगाचे औषध सुरू असताना चट्टे का सुजतात?

प्रश्न : माझ्या भावाला कुष्ठरोगाचे निदान झाले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून एमडीटीची (अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची) औषधे सुरू झाली. तिसऱ्या महिन्यात चेहऱ्यावरचे व दंडावरचे फिकट चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले. कोपर दुखते आणि करंगळीतली ताकद कमी झाली आहे. औषध उष्ण पडले, ते बंद करून प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा द्यावा, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : औषध आपल्या मनाने बंद करू नका आणि भावाला आजच्या आज आरोग्य केंद्रात न्या. आपण लिहिलेली लक्षणे पहिल्या प्रकारच्या 'लेप्रा रिअॅक्शन'ची, म्हणजे प्रतिकारशक्ती उसळून आलेल्या दाहाची वाटतात, अर्थात निदान डॉक्टरांनी तपासूनच करायचे. अंगभर खाजरे पुरळ, ताप किंवा कावीळ असती, तर एमडीटीतील डॅप्सोन या औषधाच्या अॅलर्जीची शंका घ्यावी लागली असती.

डॉ. हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू अतिशय संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि बहुसंख्य माणसांचे शरीर त्याला थाराच देत नाही. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात रोगाचे रूप बहुतांशी प्रतिकारशक्ती ठरवते. पेशींची प्रतिकारशक्ती जोरकस असेल, तर चट्टे मोजके आणि जंतू थोडे असतात, पण नसांना इजा लवकर होते. ती क्षीण असेल, तर जंतू बेसुमार वाढतात व त्वचेवर गाठी येतात. अशा रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, अँटिबॉडीज) भरपूर असतात, परंतु जंतू पेशींच्या आत दडलेला असल्याने त्यांचा उपयोग होत नाही.

भावाच्या शरीरात आता हीच पेशींची प्रतिकारशक्ती उसळलेली दिसते. नसेच्या आवरणातील पेशींत दडलेल्या जंतूंवर, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरसुद्धा, ती तुटून पडते. त्या दाहाने नस सुजते आणि आतल्या आत दाबली जाते. करंगळीला ताकद देणारी नस कोपराच्या आतल्या बाजूस हाडालगत असते, म्हणून कोपराचे दुखणे आणि करंगळीचा अशक्तपणा हे एकाच तक्रारीचे दोन भाग असावेत. हयगय झाली तर बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

यावर डॉक्टर सहसा प्रेडनिसोलोन देतात आणि त्याची मात्रा काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. हे स्टेरॉइड प्रतिकारशक्तीची उसळी आवरण्यासाठीच असते. तिथे ती वाढवण्याचा काढा हवाच कशाला? मधुमेह, रक्तदाब किंवा क्षयाचा इतिहास असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. चट्टा चेहऱ्यावर असल्यामुळे डोळा पूर्ण मिटतो का, तेही तपासून घ्या. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. अशी रिअॅक्शन एमडीटीचा कोर्स संपल्यानंतरही येऊ शकते. त्या वेळीही तितक्याच तातडीने दाखवा.