छाती ४० आहे, पेपर कटिंगही ४०चंच घेतलं, तरी ब्लाउज खांद्यावरून उतरतो आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेजवळच्या गोलात, काचतो. स्वतःच्या मापाचं कटिंग कसं काढायचं?

ताई, तुमच्या शिवण्यात खोट नाही. तयार पेपर कटिंगमध्ये खांदा, गळा, मुंढा सगळं एका छातीच्या मापावरून काढलेलं असतं. छाती वाढली की खांदाही वाढणार, असा तो हिशेब. पण छाती भरलेली आणि खांदे अरुंद अशा बायका कितीतरी असतात. मी त्यातलीच. छाती ४०, पण काखेतून, छातीच्या वरून टेप फिरवला की ३६ भरते. मापाचा ब्लाउज देऊनही माझं भागत नसे, कारण जुन्यातली चूक नव्यात जशीच्या तशी उतरायची.

म्हणून आधी ही वरची छाती मोजा. गळा आणि मुंढा तिच्यावरून काढा, खांदा प्रत्यक्ष टेपने मोजून घ्या. नेहमीची ब्रा घालून, कमरेला नाडी बांधून सरळ उभ्या राहा आणि टेप दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. स्वतः मोजायला गेलं की हात उचलला जातो आणि माप फिरतं.

मग खरं काम. बाजूची शिलाई जिथे यायला हवी तिथे दोन्हीकडे पिन लावा आणि पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा मोजा. माझी पाठ १८, पुढचा भाग २२. चाळीसचे चार सारखे भाग करून १०-१० टाकले, तर पाठीला घोळ येतो आणि पुढे हुकांमध्ये फट पडते. मी घडीवर, म्हणजे अर्ध्या भागाला, मागे ९ आणि पुढे ११ टाकते. लूझिंग (अंगात सैल बसावं म्हणून ठेवलेलं जास्तीचं माप) आणि शिलाईची माया त्यावर वेगळी.

उंचीचंही तसंच. गळ्यालगतच्या खांद्यापासून छातीच्या उंचवट्यावरून खालच्या पट्टीपर्यंत माझी १५॥ येते, मागून तेवढ्याच पातळीपर्यंत १४. हा दीड इंच बाजूच्या टकात, म्हणजे कापड चिमटीत धरून शिवलेल्या निमुळत्या घडीत, जातो. टक शिवला की पुढची-मागची बाजू तंतोतंत जुळते. तो दिला नाही, तर ब्लाउज पुढून वर चढणारच. टकाचं टोक मात्र उंचवट्याच्या इंचभर अलीकडे थांबवा.

मुंढा काचतो म्हणून तो खाली कापू नका, कळकळीने सांगते. खोल मुंढ्यात हात वर केला की अख्खा ब्लाउज हाताबरोबर वर येतो. मुंढा काखेच्या जवळच ठेवा आणि पुढच्या बाजूला थोडा आत कोरा. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त हवा. दोन्ही मापं शिलाईच्या रेषेवर घ्या, कापलेल्या कडेवर नाही.

चांगल्या कापडाला लगेच कात्री लावू नका. मांजरपाट धुऊन, मोठ्या टाक्यांनी शिवून अंगात घाला आणि दोरीवर कपडे वाळत घालतो तसे हात वर करा. चुण्या जिकडून निघतात तिकडे कापड कमी पडतंय. तिथेच उसवा, बघा किती उघडतंय, आणि तेवढी कागदाची पट्टी कटिंगला चिकटवा. माझं कटिंग तिसऱ्या मांजरपाटाला बसलं.

वरची छाती, पाठ आणि खांदा एवढी तीन मापं कळवा, तुमच्या मुंढ्याचा आकडा मी मांडून देते.